मिक्सरमधले अण्णा

"पाच मिनिटांत अण्णांना मिक्सरपासून वेगळं करते!" चारुशीलानं जाहीर केलं.

शिरवळच्या कारखान्यात ती यंत्रांच्या आवाजावरून त्यांचं दुखणं ओळखायची. तिच्यापुढं घरच्या मिक्सरची काय टाप! वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वर्षश्राद्धाला सगळे सांगलीत जमले होते. अण्णांनी मोबाइलवर बोलून पाठवलेला शेवटचा निरोप तिच्याकडं होता. पण त्यात ऐकू यायची ती मिक्सरमध्ये फिरणारी आईची शेंगदाण्याची चटणी. आईला एवढंच हवं होतं: ते म्हणाले तरी काय?

"आवाजातले जाड-बारीक सूर अलग करायचे," चारू लॅपटॉप उघडत म्हणाली, "आणि नको असतील त्यांची वाट बंद!"

"म्हंजे बेदाण्याच्या चाळण्या!" तासगावचे नाथाजीकाका खूश झाले. त्यांचा धंदाच बेदाण्याचा. "एकीखाली एक लावायच्या. घाल पोरी, जाड चाळण घाल!"

पहिली चाळण बंद केली, रस्त्यावरची रिक्षा गेली. दुसरी बंद केली, कुकरची शिट्टी गेली. काका टाळ्या वाजवायला लागले. तिसरी बंद केली आणि मिक्सर गप्प! अण्णाही गप्प! उरला फक्त शेजारचा पोपट.

"हे कुठं गेले गं?" आई घाबरली.

"आवं वैनी, एकदा गेल्यालं माणूस हिनं परत घालवलं!"

घोळ असा, की संसारभर मिक्सरच्या वरताण ओरडून ओरडून अण्णांचा आवाज मिक्सरच्याच पट्टीला जाऊन बसला होता. एकाला हाकललं की दुसरा त्याचा हात धरून निघायचा!

चारूनं घाम पुसला, मूळ निरोप पुन्हा घेतला आणि चाळण्या अगदी बारीक केल्या. मिक्सरचा सूर एकाच जागी घुमायचा. अण्णांचा वर-खाली हलायचा. घुमणारे तेवढे दाबले. आईनं पदर मुठीत धरला.

आणि अण्णा खणखणीत बोलले, "अगं, तो मिक्सर बंद कर आधी! चारूला काहीतरी सांगायचंय!"

"करते, करते!" आई ताडकन उठली, स्वयंपाकघरात पळाली, गप्प बसलेल्या मिक्सरची पिन उपटली आणि लॅपटॉपसमोर येऊन बसली. उभ्या संसारात पहिल्यांदाच तिनं त्यांचं ऐकलं होतं.

"हं, बोला आता."

निरोप तिथंच संपला होता.

मग काका चारूच्या कानाशी वाकले.

"पोरी, अजून एकांदी चाळण हाय का गं?"