रंगनाथअण्णांचा जर्मन

आमच्या देवळाली प्रवऱ्यात कुणाच्याही घरी गेले, तरी रंगनाथअण्णा आधी दारात उभे राहून एक टाळी वाजवतात. मग कान देऊन थांबतात आणि यजमानाला सांगतात, "खोली लई घुमती. पडदे लावा." चहापाणी त्यानंतर.

ही टाळी जर्मनाची. तरुणपणी अण्णा मुंबईच्या एका स्टुडिओत वायरी गुंडाळायला होते. तिथे रॉकच्या रेकॉर्डी काढणारा एक जर्मन साहेब काही दिवस आला होता. त्याचं इंग्रजी अण्णांना किती कळलं, देव जाणे. "जर्मन म्हनायचा, आदी खोली ऐक, मग गानं." इथवर ठीक. पण पिठल्यावर झाकण ठेवू नये, हेही जर्मनच म्हणायचा!

गावी परतून त्यांनी कडब्याच्या खोलीला आतून गोधड्या ठोकल्या आणि स्टुडिओ काढला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की रेकॉर्डिंग थांबतं. बाकी काम चोख, खोड एकच. पखवाज इतका वाढवतात की गाणारा त्याखाली दबून जातो. एवढा तयार कान असून हे असं का, ते मला कळत नव्हतं.

आमच्या भजनी मंडळाचंही तेच झालं. मी गाणारा, त्यामुळे मला जास्त झोंबलं.

"अण्णा, पखवाज कमी करा, नाहीतर पुढचं काम आम्ही नगरला नेतो."

"न्या. पन कमी हुनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी राग गिळून पुन्हा गेलो. दार उघडं होतं, आत आमचंच भजन लागलं होतं. अण्णांच्या पत्नी, शांतावहिनी, स्पीकरजवळ बसल्या होत्या. एका तापात वहिनींचे कान गेले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा तळवा स्पीकरवर टेकला होता आणि मान अगदी तालात डोलत होती. अण्णा त्या मानेकडे टक लावून बघत होते.

"ग्वाड झालंय," वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

मला बघून अण्णा ओशाळले. "हिच्या हाताला गानारा लागत न्हाई ओ. पखवाज तेवढा लागतो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "यावर जर्मन काय म्हणायचा?"

"त्याला काय ठावं? तवा हिला ऐकू येत हुतं. मी मुंबईवरनं फोनवर टाळी वाजवायचो. ही म्हनायची, आज खोली मोठी हाय तुमची."

मी वहिनींच्या शेजारी बसलो.

"अण्णा, पखवाज अजून थोडा वाढवा."