व्याह्यांनी संपवलेला डावा

छत्तीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. ज्यांना उजवा बूट कुठला ते कळत नव्हतं, त्यांच्याकडून बेरीज-वजाबाकी करून घेतली. मग सुनेला स्तनपान शिकवणं म्हणजे काय, एका तासाचं काम!

सुनेला, हेवोनला, आठवा महिना लागला होता. छाती जड झाली, निळ्या शिरा दिसू लागल्या, आतले कपडे तीनदा मोठे घ्यावे लागले, पण पोरगी कुरकुरली नाही. त्या सकाळी मात्र ब्लाउजवर दोन थेंब उमटले आणि तिचा धीरच सुटला.

"आई, आत्तापासूनच गळतंय. बाळ येईपर्यंत संपलं तर?"

हा चीक आहे, असा थोडा गळाला तरी संपत नाही, हे नर्सबाईंनी दोनदा सांगितलं होतं. हेवोनने मान हलवली होती. तसली मान मी ओळखते. न समजलेली मुलं अगदी तश्शीच हलवतात!

म्हणून साधन काढलं. पुरण भरलेले वाफेवरचे दोन पाव ताटात शेजारी शेजारी ठेवले आणि प्रत्येकावर मधोमध पुरणाचा गडद गोल लावला. बाळ म्हणून किमचीच्या लोणच्यासाठी आणलेला कोबी तिच्या मांडीवर दिला. बाळाची नजर अंधूक असते, म्हणून हा गोल गडद होतो, ही त्याची पाटीच समज, असं सांगितलं. एका वेळी डाव्याने सुरुवात, तर पुढच्या वेळी उजव्याने. कोबीला पोटाशी पोट लावून धरायला लावलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात हेवोनचे वडील, नामगुंगसाहेब! खांद्यावर माणसाएवढं सुकं समुद्री शेवाळ. बाळंतिणीच्या सुपाचं ते, मोडलं तर बाळंतपण अडतं म्हणे, म्हणून मोडायचं नाही की दुमडायचं नाही. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून साहेब अकरा मजले चढून आले होते.

आमचं व्याह्यांशी बोलणं म्हणजे वाकून नमस्कार आणि हवापाणी. ते धापा टाकत ताटापाशी बसले, नम्रपणे वाकले आणि डावा पाव खाऊन टाकला.

आता व्याह्यांना सांगायचं तरी काय? धडा तर अर्धाच झाला होता. मी स्वयंपाकघरातून गरम पाव आणून गोल लावून डावीकडे ठेवला. त्यांना वाटलं, आग्रह! विहिणीला नाही कसं म्हणायचं? तोही गेला. मी तिसरा आणला. मग चौथा. पाचव्याला साहेबांच्या कपाळावर घाम आला.

हेवोन कोबीवर तोंड टेकून गदगदत होती. मला वाटलं, रडतेय. तिने मान वर केली तर डोळ्यांत हसून हसून पाणी.

"आई, जितकं संपतंय तितकं पुन्हा येतंय की!"

तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. छत्तीस वर्षांतला माझा सगळ्यात यशस्वी तास व्याह्यांनी घेतला, तोही तोंड भरलेलं असताना.

साहेबांनी ओठ पुसले आणि ताटाकडे हताशपणे पाहिलं. "विहीणबाई, हा उजवाही संपवायलाच हवा का?"

मी काही बोलायच्या आत हेवोनच म्हणाली, "राहू द्या बाबा. पुढच्या वेळी सुरुवात उजव्यानं."