बोटीचा पाइप आणि गोबरगॅसचं शास्त्र

पाइप आपणच बदलायचा, प्लंबर बोलवायचा नाही, असं हेमकांतने ज्या गुरुवारी ठरवलं, त्या दिवशी यामिनीच्या लग्नाला तीन महिने नऊ दिवस झाले होते. एवढ्या काळात नवऱ्याबद्दल एक गोष्ट तिला पक्की कळली होती. तो "आपण" म्हणाला की त्यात ती धरलेली असायची.

(प्लंबर तसाही येणार नव्हताच. नवापूरच्या एकाला फोन केला होता. "कुठला संडास?" त्याने विचारलं. "बोटीतला," हेमकांत म्हणाला. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.)

बोट म्हणजे खरोखर शिडाची बोट. लग्नानंतर पंधराव्या दिवशी हेमकांत कोंबड्यांचा टेम्पो घेऊन सुरतेला गेला, आणि परत आला तो मागे ट्रेलरवर पंचवीस फूट लांब, तीस वर्षं जुनी बोट बांधून. धरणाचा फुगवटा त्यांच्या शेताच्या बांधाला लागतो. तिथे टुरिस्ट येतील, शिडात वारा भरेल, पोल्ट्रीच्या जोडीला पर्यटन, असा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात तयार होता. सासूबाईंनी, म्हणजे शांतीबाईंनी, ओट्यावरूनच कपाळाला हात लावला.

"कोंबड्या ईकीसनी नाव लई उना व माय! उद्या अंडा ईकीसनी इमान लयी!"

अकरा माणसांचं घर हसलं. हसली नाही ती यामिनी. कारण हसण्याच्या गडबडीत तिचं लक्ष केबिनच्या दाराकडे गेलं होतं. त्या दाराला पितळी कडी होती. आतून.

याचं महत्त्व कळायला यामिनीची खोली पाहायला हवी. तिच्या खोलीच्या दारालाही कडी होती, पण ती बाहेरून. लग्नाआधी ती खोली कोठार होती आणि लग्नानंतरही ती कोठारच राहिली, फक्त त्यात एक नवरानवरी वाढली. मक्याच्या भरड्याची पोती, अंड्यांचे रिकामे ट्रे आणि मधे एक पलंग. कोणालाही कधीही भरडा लागायचा. कोणालाही कधीही ट्रे लागायचे. एकदा धाकटी नणंद रुपा ट्रे न्यायला आली ती पलंगाच्या कडेला बसून कॉलेजच्या गॅदरिंगची गोष्ट सांगून गेली. सबंध गॅदरिंगची. आभारप्रदर्शनासकट.

तेव्हा बोट तिला हवी होती. टुरिस्टांचं राहू द्या.

बोट बांधालगत पाण्यात उभी केली. पण तिला वास होता. केबिनमध्ये पलंगाच्या उशाशीच एक इवलासा संडास, वर बसायचं भांडं, बाजूला हाताने हलवायचा पंप, आणि पलंगाखाली मैल्याची टाकी. पंपाने धरणाचं पाणी ओढून ढकललेलं सगळं पाइपातून त्या टाकीत जायचं. तीस वर्षांत त्या पाइपाने जे काही वाहून नेलं होतं, ते त्याने मनाला लावून घेतलं होतं. पहिल्यांदा ती दोघं धीर करून केबिनमध्ये गेली, कडी लावली, आणि चार मिनिटांत डोळे पुसत बाहेर आली. बांधावर उभ्या असलेल्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अगदी निष्पाप चेहऱ्याने विचारलं, "इतलं लवकर?"

हेमकांत पुढे दोन दिवस आबांच्या समोर आला नाही.

आबा, म्हणजे चुनीलाल, दहा हजार कोंबड्यांचे मालक. वासाला भिणारा माणूस नव्हे. पण तेही एकदा केबिनमध्ये डोकावले आणि नाकाला रुमाल लावून निकाल देऊन मोकळे झाले.

"मी ऐतवारले येसू. वास उना ना, ते भंगारवालाले दी टाकसू. समजनं?"

गुरुवार ते रविवार. हातात जेमतेम तीन दिवस. यामिनीने मनातल्या मनात पितळी कडीला नमस्कार केला आणि पदर खोचला.

जुना पाइप निघेना. हेमकांतने ओढला, पिळला, त्याला सासरच्या माणसांसमोर काढता येणार नाहीत अशा शिव्या दिल्या. (यामिनी समोर होती, पण ती अजून "सासरची माणसं" या गटात मोडते की नाही हे त्याचं ठरायचं होतं.) शेवटी पाइप निघाला तो असा एकदम की हेमकांत पाइपासकट मागे जाऊन पडला. आत पाहिलं तर चुन्यासारखा पांढरा थर साचून मधे जेमतेम अंगठा जाईल एवढीच वाट उरलेली.

"पाहिलंस? हाच तो चोर," हेमकांत म्हणाला.

नवा जाड पाइप सुरतेहून मागवला. तो बसवायला हेमकांतला निम्मा दिवस लागला. पण वास थोडा राहिलाच. आणि इथून पुढे गोबरगॅसचं शास्त्र सुरू झालं.

घरी अठरा वर्षांपासून गोबरगॅस आहे आणि त्याची सगळी जबाबदारी हेमकांतकडे. गोबरगॅसचं शास्त्र सोपं आहे: जिथे वास, तिथे गळती, जिथे गळती, तिथे एम-सील. एक भोक राहिलं की गॅस उडाला आणि चहा अर्धा कच्चा. तेच शास्त्र घेऊन हेमकांत नाकाने बोट हुंगत फिरला, आणि बोटीच्या कुशीत बाहेरच्या बाजूला त्याला बोटभर रुंदीचं एक भोक सापडलं. टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघून तिथे उघडी पडली होती. नाक लावलं. डोळ्यांत पाणी आलं.

"सापडली! बघ, नळी बाहेर उघडीच ठेवली आहे मूर्खांनी! सगळा वास इथून येतो!"

यामिनीला ती नळी ठाऊक होती. बोटीच्या खणात एक इंग्रजी पुस्तिका होती. हेमकांतने ती डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातली होती. यामिनीने तिथून काढून वाचली होती. (तिच्या जागी पोल्ट्रीच्या लसीकरणाची वही सरकवली. उंची तंतोतंत जमली.) ती हवेची नळी होती. टाकीत काही आलं की आतली हवा तिथून बाहेर जाते. ती कधीही बुजवू नये, असं जाड अक्षरांत लिहिलेलं होतं.

"अहो, त्या नळीतून हवा जायला हवी म्हणे. पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने गोबरगॅस पाहिलाय का?"

हेमकांतने एम-सीलच्या दोन पुड्या मळल्या आणि ते भोक असं लिंपलं की त्यावर तुळस लावावी. मग टाकीत पाणी भरून ठेवलं. "परीक्षेला पाणी पाहिजे ना," म्हणाला.

रविवारी सकाळी सगळं घर बांधावर येऊन बसलं. शांतीबाईंनी बोटीचं शीड धुऊन केबिनच्या छपरावर वाळत घातलं होतं, पांढरंशुभ्र. आबा धुवट पांढरा पायजमा आणि टोपी घालून केबिनमध्ये शिरले. मागे हेमकांत, त्याच्या मागे शांतीबाई, आणि दारात चहाचा ट्रे घेऊन यामिनी.

आबांनी हुंगलं. पलंगाखाली हुंगलं. भांड्यात डोकं घालून हुंगलं.

"वास ते नही शे रे."

"मी सांगं व्हतं ना आबा!" हेमकांतची छाती फुगली.

यामिनीच्या मनात तेवढ्यात गुलाबी चादर अंथरून झाली, उशांना अभ्रे घालून झाले, कडी लावून झाली.

"पण हाई चालस का?" आबांनी पंपाचा दांडा धरला. "चालाडी दखू."

आता आबांनी उभ्या आयुष्यात कपाशीवर आणि पपईवर फवारणी केलेली. पाठीवरच्या फवारणी पंपाचं शास्त्र गोबरगॅसहून जुनं: दांडा हलका लागला म्हणजे पंप बिघडलेला, दांडा जड लागला म्हणजे पंप तयार. आबांनी दहा वेळा दांडा हलवला. हलका. वीस वेळा. जरा जड.

"प्रेशर बनी ऱ्हायनं!" आबा खूश झाले.

टाकीत पाणी चाललं होतं आणि हवेला जायला वाट नव्हती, हे त्या केबिनमध्ये एकाच माणसाला कळत होतं. पण या घरात नव्या सुनेने बोलायचं म्हणजे आधी खोकायचं, मग पदर सावरायचा, मग कोणी "काय म्हणतेस?" विचारेपर्यंत थांबायचं. यामिनी खोकली.

तीस वेळा. दांडा चांगलाच जड. पलंगाखालून टाकीचा 'टँग' असा आवाज आला.

यामिनी आणखी जोरात खोकली.

"वहूले खोकला व्हयना दिसस," शांतीबाई म्हणाल्या. "घर गयी की अद्रकना काढा दी देसू."

"आबा, अजून पाच," हेमकांत गुडघ्यावर बसून पलंगाखाली बोट दाखवत होता. "दखा, एक थेंब गळस का नवा पाइपमातून!"

यामिनी तिसऱ्यांदा खोकली. आबांनी दोन्ही हातांनी दांडा दाबला.

एम-सील हललं नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण हेमकांतच्या सगळ्या कामात तेवढंच पक्कं निघालं. पाइप मात्र एकाच क्लॅम्पवर बसवलेला होता. तो सुटला, आणि टाकीने अडवून धरलेलं सगळं एकाच दमात सांगून टाकलं. पहिला झोत हेमकांतच्या दाखवत्या बोटावर आणि मागच्या चेहऱ्यावर. दुसरा भांड्यातून उलटा वर, आबांच्या पायजम्यावरून टोपीपर्यंत. तिसरा छताच्या उघड्या झडपेतून बाहेर, वाळत्या शिडावर. परीक्षेचं पाणी भरण्याआधी टाकी "जवळजवळ रिकामी" केलेली होती. त्या "जवळजवळ"चा अर्थ सगळ्यांना त्या दिवशी कळला.

शांतीबाई दाराकडे पळाल्या. दारात यामिनी आणि चहा. चहात काय पडलं ते कोणी पाहिलं नाही, पण तो कोणी प्यायलाही नाही.

आबा खाली उतरले. बांधावर बसलेल्या घराने आपणहून दहा पावलं मागे सरकून त्यांना वाट दिली. आबांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि दोनच शब्द बोलले.

"ईकी टाक."

हेमकांतने मान खाली घातली. आणि यामिनीला डोळ्यांपुढे दिसलं की भंगारवाला आपल्या पितळी कडीला पकडीत धरतो आहे. ती पुढे झाली. खोकली नाही. पदरही सावरला नाही (त्याला हात लावावा असं काही उरलं नव्हतं).

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आपल्या शेडचे पडदे पाडले, पंखे बंद केले आणि आत दहा हजार कोंबड्या ठेवल्या, तर काय होईल?"

सून बोलली!

"मरी जातीन," आबा म्हणाले.

"या टाकीचं तेच झालं. हवा जायची नळी होती, ती बुजवली."

"कोनी बुजी?"

अकरा माणसांपैकी दहांनी हेमकांतकडे पाहिलं. अकरावा तो स्वतः होता.

"आनि तुले माहीत व्हतं?"

"हो."

"मंग बोलनी कसाले नही?"

"तीनदा खोकले, मामा."

आबांच्या मिशीवरून एक थेंब ओघळला आणि तो पुसायचा की नाही हा प्रश्न त्यांनी न पुसून सोडवला.

"आतेपासून खोकू नको. बोल. पुढला ऐतवारलोंग तुन्हा हातमा दिनी."

मुदतीच्या त्या आठवड्यात "पाना द्या" हे वाक्य यामिनीने जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा तिने लग्नात नाव घेतलं नव्हतं. हेमकांत पाना द्यायचा. एम-सील छिन्नीने काढायला दोन दिवस गेले. पाइपाचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करून तिने ते पार आतपर्यंत बसवलं, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प आवळले, मधे कुठे पाइपाला झोळ पडू दिला नाही. शेवटी वास झिरपतोय का ते पाहायला गरम ओलं फडकं पाइपाला गुंडाळून ते हुंगलं. फडक्याला फक्त फडक्याचा वास होता. हेमकांतनेही हुंगलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता फक्त रविवार जाऊ दे.

रविवारी आबा एकटेच आत गेले. ते हुंगत असतील म्हणून सगळे थांबले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आतून कडी लागलेली. वीस मिनिटांनी पंपाचा आवाज आला, दहाच वेळा, हलका. मग दार उघडलं. आबांच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"ईकानी नही," ते म्हणाले. "कधीच ईकानी नही. गुडघा वाकाडना पडत नही! खुर्चीवर बसेलगत बसनं, नि खिडकीमातून सगळं पानी दखास! चाळीस वरीस व्हयनात, इतलं निवांत मी कधी बसनूच नही!"

शांतीबाईंनी नुसतं बघून येते म्हणत आत जाऊन पंधरा मिनिटं लावली. रुपाने मोबाईल घेऊन अर्धा तास. घरात अकरा माणसांत एकच संडास, तोही उकिडवं बसायचा, हे दुःख इतकी वर्षं कोणी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

सोमवारी दुपारी यामिनीने गुलाबी चादर अंथरली, उशांना अभ्रे घातले. हेमकांत आत आला. तिने पितळी कडी लावली. बाहेर पाणी, वर धुऊन पुन्हा पांढरं झालेलं शीड, कुठे माणसाचा आवाज नाही. चारच मिनिटं झाली असतील. दारावर टकटक.

"कोण?" हेमकांत ओरडला.

"मी शे," आबांचा संकोचलेला आवाज. "तुम्ही घाई करू नका. पन माले घाई शे."

यामिनीने कडी काढली. आबांच्या मागे शांतीबाई होत्या, त्यांच्या मागे रुपा, आणि बांधावरून शेजारची भिकुबाई तांब्या घेऊन "आठेच शे का व?" असं विचारत येत होती.

मंगळवारी आबांनी घरात बैठक घेऊन शिस्त लावली. नव्या सुनेचं अक्षर चांगलं, म्हणून वेळापत्रक तिनेच लिहायचं आणि केबिनच्या दारावर चिकटवायचं ठरलं. यामिनीने लिहिलं: पहाटे साडेपाच ते सहा, आबा, सहा ते साडेसहा, आत्या (म्हणजे सासूबाई), असं करत करत भिकुबाईपर्यंत. नवरानवरीसाठीही आबांनी आठवणीने वेळ राखून ठेवली होती. ती शेवटची ओळ तिने जरा मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिली:

दुपारी अडीच ते तीन, हेमकांत व यामिनी: टाकी रिकामी करणे.