शंभर किलोमीटर आणि एक वळण

"शंभर किलोमीटर? त्यात काय मोठंसं!" ग्रंथपाल भर सभेत म्हणून गेले, आणि सगळ्यांचे डोळेच विस्फारले.

प्रश्न पुस्तकांच्या गाडीचा होता. गावोगावच्या मुलांना पुस्तकं पोचवणारी ती गाडी सहा महिने वाचनालयाच्या अंगणात बंद पडून होती. 'गाडी कधी येणार?' अशी मुलांची पत्रं यायची, आणि ग्रंथपाल ती एकेक करून खणात जपून ठेवायचे. देणगीदार नवं इंजिन द्यायला तयार होते. अट एकच, वाचनालयातल्या कुणीतरी शंभर किलोमीटरची सायकलफेरी पुरी करायची. वाचनालयात कामाला माणसं दोन, त्यातल्या शिपायाचे गुडघे कामातून गेलेले!

"अहो, सायकलवर शेवटचे कधी बसला होतात?" घरी बायकोनं विचारलं. ती बसचालक. बावीस वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा नाही.

"लहानपणी. दादाच्या मागे, कॅरियरवर."

बायकोच्या हातातला चमचा आमटीत पडला.

पण ग्रंथपालांचा पुस्तकांवर गाढ विश्वास. त्यांनी सायकलिंगचं जाडजूड पुस्तक स्वतःच्याच नावावर काढलं. पायांत दम यावा म्हणून घरात स्टँडवर सायकल चढवून रोज दोन तास पॅडल मारलं. तोल यावा म्हणून सोमवारी, वाचनालय बंद असताना, कपाटांमधल्या लांबलचक बोळातून सायकल चालवली. इतिहासापासून निघायचं, पाकशास्त्रापाशी ब्रेक लावायचा, खाली उतरायचं, सायकल उचलून फिरवायची आणि पुन्हा इतिहासाकडे! तीन महिन्यांत गडी तयार झाला.

"आणि वळायचं कसं?" बायकोनं विचारलं.

"त्यावर अख्खं प्रकरण आहे. दोनदा वाचलंय!"

फेरीच्या सकाळी ग्रंथपालांसोबत आणखी चाळीस सायकलस्वार जमले. वाटेत दमणाऱ्यांसाठी मागे बस, आणि ती चालवायला नेमकी ग्रंथपालांचीच बायको. शेजारच्या सीटवर वाचनालयाच्या अध्यक्षबाई कर्णा घेऊन बसल्या. "बसची साथ कुणीही सोडायची नाही!" त्यांनी बजावलं. मान म्हणून ग्रंथपालांना सगळ्यांत पुढे ठेवलं.

दोन मिनिटांत चौक आला. बाण डावीकडे. ग्रंथपालांनी प्रकरण आठवलं, अंग किंचित डावीकडे कललं, सायकल थरथरली, आणि त्यांनी हँडल झटकन सरळ केलं. थांबावं, तर मागे चाळीस जण! ते सरळ गेले. चौकाच्या मधल्या बागेत चढले, झेंडूच्या वाफ्यातून आरपार गेले आणि पलीकडच्या रस्त्याला लागले. पाणी घालणारा माळी पाईप धरून पुतळ्यासारखा उभा!

"अगं बाई, हे कुठे निघाले?" अध्यक्षबाई किंचाळल्या.

"मला काय ठाऊक!" म्हणत बायकोनं चौकाला वळसा घालून बस नवऱ्याच्या मागे घातली. डावीकडे वळलेल्या सायकलस्वारांनी बघितलं, बस भलतीकडेच! साथ तर सोडायची नाही. सगळे गर्रकन मागे फिरले.

ग्रंथपालांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मान वळवली की हँडल वळायचं, म्हणून मागे बघणं बंद. कानावर फक्त हॉर्न येत होता. आपण मधोमध चाललोय आणि कुणीतरी चिडलेला ड्रायव्हर आपल्याला चिरडायला निघालाय, या कल्पनेनं त्यांना घाम फुटला. त्यांनी जीव खाऊन पॅडल मारलं. त्या रस्त्याला वळण म्हणून नव्हतं. तो आखणाऱ्यालाही बहुधा वळता येत नसावं.

अखेर नदी आली, रस्ता संपला आणि ग्रंथपाल वाळूच्या ढिगात रुतले. त्यांनी मागे बघितलं. बसमधून त्यांची बायको उतरत होती!

"तू? तू होतीस?"

"मग कोण! हॉर्न वाजवून हात दुखला माझा! थांबला का नाहीत?"

तेवढ्यात धापा टाकत चाळीस जण येऊन ठेपले. "संपलं सगळं," ग्रंथपाल वाळूत बसूनच म्हणाले. "मुलांना काय सांगू मी?" त्यांचे डोळे भरून आले.

बायकोनं बसमध्ये डोकावून मीटर बघितला. "पन्नास झालेत. आल्या वाटेनं परत गेलात तर शंभर."

अध्यक्षबाईंनी विचार केला. "मार्ग कुठला, हे अटीत कुठेच नाही!"

ग्रंथपाल ताडकन उठले. त्यांनी सायकल वाळूतून ओढली, उचलली, फिरवली आणि खाली ठेवली, अगदी पाकशास्त्रापाशी ठेवायचे तशी. चाळीस जण आ वासून बघत राहिले.

परतताना चौकात माळी नवी रोपं लावून नुकताच उठत होता.

"वळा! अहो, वळा!" तो ओरडला.

"येत नाही!" ग्रंथपाल त्याहून मोठ्यानं ओरडले.

महिन्याभरात नवं इंजिन बसलं. "आता ही चालवणार कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. ग्रंथपालांनी उत्साहानं हात वर केला. "पुस्तक आहे आपल्याकडे!"

बायकोनं तो हात हळूच खाली ओढला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.