गयामावशी आणि नंदाची मान

गयामावशी तान्ह्या लेकरांना अहो-जाहो करायची आणि बाकी साऱ्या जगाला अरे-तुरे. ओट्यावर सरपंच बसलेला असला तरी "पाय घे मागं, वाट सोड" म्हणत ती आत शिरायची. आत पाळण्यातल्या बारा दिवसांच्या जिवापुढं मात्र कमरेत वाकून उभी राहायची. "मालक, अंग चोळायचंय. उठता का जरा?" मालक भोकाड पसरायचे. मग मावशी ओशाळून बाजूला बसायची. "रागावले. थांबते मी."

कळमनुरीपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, शेक देणं हे तिचंच काम. नखं दगडावर घासून गुळगुळीत ठेवलेली. बाळाला शिवण्याआधी तळवे स्वतःच्या गालाला लावून बघायची. गार लागले तर काखेत दाबून बसायची. सगळं आटोपून निघाली तरी गल्लीच्या टोकापासून हमखास परत यायची. "उजव्या टाचेला तेल राह्यलं का गं?" राहिलेलं कधीच नसायचं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझी नंदा झाली. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. माझे मालक इथल्या शाळेवर मास्तर होते. वीस दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, पोरीची मान सदा उजवीकडं. डावीकडं वळवू गेलं की रडून लालबुंद. दूधही एकाच बाजूला प्यायची. दुसरी छाती दगडासारखी होऊन मला ताप भरला. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मालकांनी आम्हाला एस्टीनं नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेचा स्नायू आखडलाय. रोज हलक्या हातानं ताणत राहा, नाहीच सुटला तर पुढं ऑपरेशन. परतीच्या वाटेवर तो एकच शब्द माझ्या डोक्यात होता. वाकड्या मानेची पोर शाळेत कशी बसेल, तिला कोण करून घेईल, इथपर्यंत मी पोचले होते.

गयामावशीनं नंदाच्या मानेवरून बोट फिरवलं. "गाठ हाय. हरभऱ्याएवढी. आधी नव्हती." तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "हुईल बराबर. घाई न्हाई करायची."

ती रोज यायची. सायीवरून बोट फिरवावं तशी मानेवरून फिरवायची. दाराचा उजेड डाव्या अंगाला यावा म्हणून तिनं पाळणा फिरवून घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत बसायची.

"मावशी, फरक हाय?"

"हाय."

"किती?"

"तिळाएवढा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर खेकसली, "अगं, कालचाच तीळ हाय त्यो! काहून जीव खाऊन राहिलीस?"

महिना गेला. सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी कनेरगाव नाक्याहून एक हाडं बसवणारा बोलावला. बैलाचा खुबा असो की माणसाचा खांदा, तो एका झटक्यात बसवतो अशी त्याची ख्याती. नंदाकडं बघून तो म्हणाला, "एक हिसका दिला की मोकळी. पोरीचे खांदे धर." मी धरले. आज सांगायला लाज वाटते, पण मी धरले. त्या महिनाभराच्या काळजीतून कुणीतरी एकदाचं सोडवावं, एवढंच मला वाटत होतं.

तेवढ्यात दारात गयामावशी आली. तिच्या हातातली तेलाची वाटी खाली पडली. धावत येऊन ती नंदावर ओणवी झाली. "हात लावशील तर आधी माझी मान मोड!" सासूबाईंनी आरडाओरडा केला. तो माणूस अपमान झाला म्हणून पाय आपटत निघून गेला.

"तू धरलंवतंस?" मावशीनं मला विचारलं.

मी मान हलवली. आता ही मला फाडून खाणार असं वाटलं. पण ती माझ्याशेजारी खाली बसली.

"मी बी धरलंवतं," ती म्हणाली. "माझी रुक्मी तीन वर्साची व्हती. पडली, कोपर सुजलं. असाच एक आला, म्हनला धर. आई सोड, आई सोड, म्हनत व्हती. म्या न्हाई सोडलं. हात वाकडा झाला त्यो झालाच."

रुक्मी वसमतला दिली होती. दोन लेकरं झाली आणि दोन्ही वेळेला तिनं निरोप धाडला, येऊ नको, माझ्या लेकरांना हात लावू नको.

"बराबर हाय तिचं," मावशी म्हणाली आणि सांडलेलं तेल पदरानं पुसू लागली.

पाचव्या महिन्यात एक दिवस दारातून कोंबडी आत आली. नंदानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. डावीकडं. मी किंचाळणार तोच मावशीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप! मालकीणबाई बघून राहिल्यात!"

त्यानंतर वसमतला चल म्हणून मीच मावशीच्या मागं लागले. तिनं चारदा नकार दिला. पाचव्यांदा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. एस्टीत सारखं एकच, "परत फिरायचं का गं? ती दार लावून घेईल."

रुक्मीनं दार लावलं नाही, पण आईशी बोललीही नाही. छातीशी तिसरं लेकरू, दीड महिन्याचं. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: नंदाची मान, तो हाडं बसवणारा, मी धरलेले खांदे आणि मावशीनं नंदावर टाकलेलं अंग. रुक्मी खाली मान घालून ऐकत होती. मावशी दाराशी अंग चोरून बसलेली, दोन्ही हात लुगड्याखाली.

रुक्मी उठली. तिनं लेकरू आईच्या मांडीवर ठेवलं. मावशीला हात बाहेर काढायला वेळ लागला.

"तेल आणू का?" रुक्मीनं विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "आज नुसतं बसू दे."