बर्फावरचा हवालदार

काराकोल शहरात बाजारापाशी भर चौकात हवालदार एर्मेक पडला, तेव्हा त्याच्या तोंडात मटण भरलेला गरम सामसा होता. रस्त्यावरच्या बर्फाची काच झालेली. सामशातली चरबी हनुवटीवर ओघळली, ती पुसायला त्याने हात वर केला आणि पाय हवेत गेले. शेजारून बुरुल आजी कांद्यांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्यांनी त्याचा पट्टा धरून त्याला सावरायचा प्रयत्न केला. पण सत्तरीची बाई आणि म्हशीएवढा पोलीस! दोघंही आडवे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ देशभर फिरला: ‘पोलिसाने म्हातारीला लोळवलं!’

घरी बायको नाझगुल मोबाइल घेऊन बसली होती. “अहो, एक जण म्हणतोय, याचे डोळेच खुनशी आहेत.”

“जीभ भाजली होती माझी! पाणी आलं होतं डोळ्यांत!”

“आणि माझी सख्खी बहीण विचारतेय, याला वर्दी दिली कुणी?”

एर्मेकने खुंटीवरच्या वर्दीकडे पाहिलं. पोटावरची दोन बटणं पडतानाच उडाली होती. प्रश्न तसा रास्त होता.

सकाळी कप्तान शारशेनसाहेबांनी त्याला समोर उभं केलं. “लाज आणलीस! उद्यापासून तू घरी—”

तेवढ्यात साहेबांचा मोबाइल किणकिणला. पलीकडच्या दुकानातून कुणीतरी काढलेला दुसरा व्हिडिओ होता. त्यात आजी पडत होत्या आणि त्यांच्याखाली एर्मेक गादीसारखा पसरला होता. ‘आजीला वाचवायला बर्फावर झेप!’ लाखभर लोक रडून मोकळे झाले होते.

“—घरी सगळे बरे आहेत ना?” साहेबांनी वाक्य पुरं केलं.

आठवड्याभरात मानाची टोपी देऊन सत्कार करायचं ठरलं. आदल्या रात्री एर्मेकला झोप नाही. शेवटी त्याने मंचावर सांगूनच टाकलं, “खरं म्हणजे मी घसरलो. सामसा खात होतो.”

“काय हा नम्रपणा!” लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बुरुल आजींनी माइक ओढून घेतला. “अरे, हा धोंडा पडत होता! मी धरला त्याला! कंबर माझी मोडली, टोपी याला कशाला?”

हशा आणखी उसळला. आजी किती मिश्कील, असं जो तो म्हणू लागला. चौकात जे दोघं खरोखर पडले होते, नेमकं त्यांचंच कुणी ऐकेना. आजी तणतणत निघून गेल्या. साहेबांनी पांढरी नक्षीदार टोपी एर्मेकच्या डोक्यावर चढवली. तो शरमला, पण टोपी काही त्याने परत केली नाही. उलट घरी आरशात दोनदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी चौकात आजी दिसताच तो हात पुढे करून धावला.

“लांब हो!” आजी कडाडल्या. “तुला एकदा वाचवलं तेवढं पुरे!”

एर्मेक मुकाट मागे सरला, हात पाठीशी बांधून उभा राहिला. आजी पिशवी सावरत एकट्याच पलीकडे गेल्या. चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते.

संध्याकाळी तो दारात बूट काढतोय तोच नाझगुल म्हणाली, “अहो, नवा आलाय.”

“आता काय म्हणतायत?”

“म्हातारी एकटी चाललीय आणि हा मख्खासारखा बघतोय, याला हाकला म्हणतायत.” तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “आणि याच्या जागी आजीला वाचवणाऱ्या त्या भल्या हवालदाराला या चौकात आणा म्हणे.”