आमच्या वायफायची सुरक्षा चाचणी

माणसाला एखादं प्रमाणपत्र मिळालं, तर त्याने ते घरी आणावं, थोडे दिवस टीव्हीशेजारी ठेवावं आणि मग रद्दीत घालावं. त्यात लिहिलेलं खरं मानू नये. मी मानलं, आणि त्यापायी माझ्या मेव्हणीचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं.

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात सायबर सुरक्षेचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं. (ऑफिसला आमची अशी काळजी मार्च महिन्यात वाटते. बजेट शिल्लक राहिलं की जरा जास्तच वाटते.) ब्लेझर घातलेल्या ट्रेनरने विचारलं, "तुमच्या घरच्या वायफायच्या नावाचंच दुसरं खोटं वायफाय कुणी सुरू केलं, तर तुमच्या घरच्यांना फरक कळेल का?" सगळे हादरले. मग समोसे आले आणि सगळे सावरले. मी मात्र 'सायबर सजग नागरिक' असं लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन डोंबिवलीला परतलो तो एक निश्चय करूनच. आपल्या घराची चाचणी घ्यायची.

घराची म्हणजे बायकोची. योगिनी लग्नापासून मला बावळट म्हणत आली आहे. (प्रेमाने म्हणते, असं मी पाहुण्यांना सांगतो.) तिला एकदा तरी रंगेहाथ पकडावं ही माझी जुनी इच्छा होती. मी माळ्यावरचा जुना राउटर काढला, पुसला, बेडरूममधल्या कपाटावर ठेवून लॅपटॉपला जोडला आणि बरेच व्हिडिओ पाहून त्याला आमच्या खऱ्या वायफायचंच नाव दिलं, 'सुधीर होम'. खरं वायफाय बंद केलं. खोट्याला जो कुणी जोडला जाईल त्याच्यासमोर एक पान उघडणार, ते पान ईमेलचा पासवर्ड मागणार आणि पासवर्ड टाकला की माझा संदेश झळकणार. पासवर्ड कुठेही साठवायचा नाही, एवढं तत्त्व मी पाळलं. साठवायचा कसा, हे मला जमलंही नव्हतं.

संदेश मात्र मी मन लावून लिहिला. ऑफिसात पत्रांचे मसुदे करण्यात माझी हयात गेली आहे, पण इतका जीव ओतून मी कधीच काही लिहिलं नव्हतं.

आता दिवस कुठला निवडावा? ट्रेनर म्हणाला होता, हल्ला नेहमी माणूस गडबडीत असताना होतो. म्हणून मी रविवार निवडला. त्या रविवारी वल्लरीला पाहायला पाहुणे येणार होते.

वल्लरी ही योगिनीची धाकटी बहीण. माझे सासू-सासरे चिपळूणला असतात आणि ही नोकरीसाठी आमच्याकडे राहते, त्यामुळे स्थळं बघायचं काम आमच्या गळ्यात पडलं होतं. आजवर आलेला प्रत्येक मुलगा तिने नाकारला. एक चहा फुर्र करून पितो म्हणून, एक बोलताना स्वतःचाच फोटो बघतो म्हणून. पण माजिवड्याच्या ऋतुराज गावणकरला ती बाहेर कॉफीला भेटून आली आणि म्हणाली, "ताई, हा बरा आहे गं." वल्लरीच्या तोंडून 'बरा' ऐकून योगिनीने देवापुढे साखर ठेवली. आता फक्त मोठ्यांनी एकमेकांना पसंत करायचं होतं. आणि तिथेच धास्ती होती, कारण मुलाची आई दर्शनाताई भारी चोखंदळ असल्याचं मध्यस्थांनी सांगून ठेवलं होतं. एका घरी म्हणे बेसिनचा नळ ठिबकत होता, तेवढ्यावर त्या उठून आल्या होत्या.

मुलगा आयटीत आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. आयटीत म्हणजे नक्की काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. आयटी म्हटल्यावर पुढचं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

माझा अंदाज असा, की सकाळच्या गडबडीत योगिनी फोन घेईल, फसेल, आणि पाहुणे येण्याआधी मी सगळं आवरून ठेवीन. पण त्या दिवशी तिने फोनला हातच लावला नाही. पोहे, नारळाच्या वड्या, पडदे, नळ (आधी नळच) आणि माझा शर्ट यांतच ती गुंतलेली. वाट बघता बघता मीही विसरलो. सुरक्षा अधिकाऱ्यालाही शर्टाची इस्त्री बघावी लागते.

पाहुणे आले ते तापूनच. माजिवड्याहून निघालेली गाडी शीळफाट्याला अशी काही अडकली होती, की मुलाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्या वेळात फोनवर भजनं, शेतीविषयक सल्ले आणि कुठल्याशा स्पर्धेतल्या बैलांच्या शर्यती असं सगळं बघून दिवसभराचा डेटा संपवला होता.

आबा म्हणजे भारदस्त काम. झुबकेदार मिशा, खणखणीत आवाज, सोफ्यावर बसले ते वरपित्याच्या पूर्ण अधिकाराने. दर्शनाताई एका कडेला बसल्या आणि घर बघू लागल्या. त्यांची नजर छताच्या कोपऱ्यात गेली तेव्हा योगिनीही तिथे जळमट शोधू लागली. ऋतुराज गरीब गाईसारखा बसला होता.

वल्लरी पोहे देऊन आत गेली. वड्यांची ताटली आबांच्या जवळ राहिली.

"आमचं काही मागणं नाही," आबा म्हणाले. "मुलगी आणि नारळ. बस्स! आता तुम्हाला आमच्या गावच्या घराचे फोटो दाखवतो. सगळे त्या ईमेलात आहेत. तुमच्याकडे वायफाय असेल ना?"

"आहे की!" योगिनी म्हणाली. "सुधीर होम नाव आहे बघा."

इथे मला आठवायला हवं होतं. पण मी त्या वेळी आबांच्या मिशांकडे बघत होतो.

"जोडलं गेलं," आबा म्हणाले. "अरे वा, पासवर्ड मागतोय. ईमेलचा. शिस्तीचं घर दिसतंय."

आणि मग मला आठवलं. मी उठलो, पण टीपॉयवर पोह्यांच्या बश्या होत्या आणि पलीकडे दर्शनाताई होत्या. दोन्ही ओलांडायची हिंमत मला झाली नाही.

"आबा, थांबा, ते जरा..."

"येतं मला, येतं," आबा म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून, फोन हातभर लांब धरून ते टाइप करू लागले. आपल्याकडची वडीलधारी मंडळी फोनवर लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारतात. त्याशिवाय ते उमटत नाही, असा त्यांचा समज आहे. "जी... ओ... डी... के... एच... ए... यू..."

आमच्या संपूर्ण मजल्याला ऐकू गेलं असावं. अक्षरं जुळवत गेलो तर पासवर्ड निघाला 'गोड खाऊ नका'. तो दर्शनाताईंनी बनवून दिला होता. आबांना मधुमेह. दिवसातून अनेकदा टाइप करतील, म्हणजे कधीतरी डोक्यात शिरेल, असा त्यामागे विचार होता. आबांच्या दुसऱ्या हातात नारळाची वडी होती, आणि ताटली जवळजवळ रिकामी.

दर्शनाताई ताटलीकडे बघत म्हणाल्या, "अहो."

"पाहुण्यांचा मान म्हणून घेतली गं एक," आबा घाईघाईने म्हणाले आणि विषय बदलायला फोनकडे वळले. "हां, आला बघा मेसेज. वाचतो."

वाचू नका, असं मी म्हणालो. निदान ओठ हलवले.

आबा खणखणीत आवाजात वाचू लागले, "काय गं, सापडलीस ना? मला दिवसभर बावळट म्हणतेस. आता सांग, या घरात बावळट कोण? ओळख पाहू! तुझाच... तुझाच, सुधीर."

खाली मी एक डोळा मारणारा चेहराही टाकला होता. तो त्यांनी वाचला नाही, पण सगळ्यांना फिरवून दाखवला.

आबांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "सुधीर म्हणजे तुम्हीच ना?"

"हॅकर!" मी ओरडलो. "हॅकरचं काम आहे हे!"

"हॅकरचं नावही सुधीर?"

"नाव चोरलं माझं! हल्ली नावंच चोरतात. मी ट्रेनिंग घेतलंय, प्रमाणपत्र आहे."

खोटं बोलायला मला लाज वाटली नाही, इतका मी घाबरलो होतो. स्वयंपाकघराच्या दारात वल्लरी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ते बघून मात्र मला मनापासून वाईट वाटलं. पोरीने आयुष्यात एकदाच कुणाला तरी 'बरा' म्हटलं होतं.

"पण मला 'काय गं' का म्हणतो हा मेला?" आबा गरजले. "आणि माझं पेन्शनचं खातं याच फोनात आहे! चला, पोलिसात चला. ऋतुराज, गाडी काढ."

गाडीत बसले म्हणजे संपलंच. शीळफाट्याला पुन्हा अडकल्यावर माणसाच्या मनात सासुरवाडीबद्दल चांगले विचार येत नाहीत.

तेव्हा ऋतुराज पहिल्यांदा बोलला. "पप्पा, एक मिनिट. काका, मी बघू का? माझं कामच ते आहे."

"कसलं काम?"

"कंपन्यांचं वायफाय तपासायचं. कुणी खोटं नेटवर्क लावलंय का, कुठून येतंय, ते शोधायचं. त्याचाच पगार घेतो मी."

मी खुर्चीत बसलो. आयटी म्हटल्यावर पुढचं विचारावं, हे मी या प्रसंगातून शिकलो.

ऋतुराजने आपला फोन काढला आणि सिग्नल कुठे वाढतोय ते बघत चालायला लागला. त्याच्यामागे आबा, आबांमागे दर्शनाताई, त्यांच्यामागे योगिनी आणि शेवटी मी, अशी मिरवणूक निघाली. बाल्कनीत सिग्नल कमी. बाथरूमपाशी कमी. (दर्शनाताईंनी जाता जाता नळ बघून घेतला.) मग तो स्वयंपाकघरात शिरला, आणि शिरला तो बराच वेळ तिथेच रेंगाळला. आत वल्लरी होती.

"मिळालं का रे?" आबांनी विचारलं.

"बघतोय," आतून उत्तर आलं. मग काहीतरी कुजबुज आली, आणि मग वल्लरीचं हसू. ते ऐकून योगिनीने माझा दंड पकडला आणि कानात म्हणाली, "हे मोडलं ना, तर तुम्ही चिपळूणला जाऊन आईला सांगायचं. एकट्याने."

ऋतुराज बाहेर आला आणि सरळ आमच्या बेडरूमकडे वळला.

"तिथे पसारा आहे," मी दार अडवून म्हणालो.

"असू दे, बघू दे की," दर्शनाताई म्हणाल्या. त्यांना पसाराच बघायचा होता.

कपाटावर माझ्या माकडटोपीखाली राउटर लुकलुकत होता. त्याची वायर खाली लॅपटॉपला गेलेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर प्रमाणपत्र छातीशी धरलेला माझा हसरा फोटो. फोटोतला मी सगळ्यांकडे मोठ्या अभिमानाने बघत होतो.

"हॅकर सापडला," ऋतुराज हळूच म्हणाला. "पप्पा, काळजी नको. पासवर्ड कुठे गेलेला नाही. काकांना ते सेटिंग जमलेलंच नाही." (माझ्या बचावाचं हे एकमेव वाक्य होतं आणि तेही असं.)

मग मी सगळं सांगितलं. ट्रेनिंग, समोसे, खोटं वायफाय, आणि संदेश बायकोसाठी होता तो कसा भलत्याच ठिकाणी पोचला. योगिनीचे डोळे भरून आले होते. "माफ करा हो," ती आबांना म्हणाली. "यांचं असंच असतं. पोरीचा यात काही दोष नाही. राग यांच्यावर काढा, तिच्यावर नको."

आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "वरपित्याला घरी बोलावून बावळट म्हणायचं? आमच्या सात पिढ्यांत असा अपमान..."

आणि दर्शनाताई हसल्या.

आधी नुसतं नाकातून. मग पदर तोंडाला लावून. मग पलंगावर बसून, डोळे पुसत. "अहो, पण बरोबरच लिहिलंय की त्यांनी! कुठल्याही पानावर पासवर्ड टाकू नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला? मागे त्या लॉटरीवाल्याला पण दिला होतात. आणि वड्या किती खाल्ल्या ते मी मोजलंय!" त्या योगिनीकडे वळल्या. "किती वर्षं झाली लग्नाला?"

"बावीस."

"माझी चौतीस. बस इकडे." त्यांनी योगिनीला शेजारी बसवून घेतलं. "तुमच्याकडे पण असाच एक आहे होय! मी इतकी घरं पाहिली, सगळीकडे पुरुष कसे अगदी हुशार, व्यवस्थित. मला धास्तीच वाटायची. तसल्या घरातली मुलगी आमच्या घरात कशी टिकणार? वल्लरी मात्र रोज तुमचं बघून तयार झालीय. मला मुलगी पसंत आहे."

एवढं बोलून त्या दोघी तिथेच बसून आमच्याविषयी बोलू लागल्या. मी गॅसच्या शेगडीवर मोबाइल वाळवलेला, आबांनी भलत्याच लग्नात जेवून आहेराचं पाकीट दिलेलं, अशी ती देवाणघेवाण होती. मी आणि आबा आपल्याच अपराधाच्या साक्षी ऐकत उभे होतो. बसा, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात लग्नाच्या याद्या करायला दोन्ही घरं बसली. ज्याला त्याला काम वाटून दिलं. हॉल, भटजी, जेवण, अक्षता. मला गाड्यांचं पार्किंग बघायला सांगितलं, तेही मैदानाच्या पार टोकाला, जिथे एकही विजेची वायर नाही. मी नाराज होऊन बाल्कनीत गेलो, तर तिथे आबा आधीच येऊन बसले होते.

"काय काम मिळालं?" त्यांनी विचारलं.

"पार्किंग."

"नशीबवान आहात," आबा म्हणाले. "विश्वासाने काहीतरी सोपवलंय तुमच्यावर."

मला जरा बरं वाटलं. शेवटी माणसाची किंमत माणसालाच कळते. मी आपुलकीने विचारलं, "तुम्हाला काय दिलंय?"

आबांनी आत एक नजर टाकली आणि खाली मान घालून म्हणाले, "मला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय."